आकडा आधी ठरव

बाळा,

परवा तुझ्या हायस्कूल ग्रॅज्युएशनच्या पार्टीत सगळे पावभाजीवर तुटून पडले होते आणि तू गॅरेजपाशी एकटाच, दोन बोटांत चेंडू फिरवत उभा होतास. कॉलेज की बेसबॉल, काय ठरलं, असं विचारलं तर म्हणालास, "काका, फोन आला की बघू." त्या वाक्यानं माझी झोप उडवली. मराठीत लिहितोय, आई वाचून दाखवेल. तिनेही ऐकलेलं बरं.

फोन आला की बघायचं नसतं. आकडा आधी ठरव.

ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक बेसबॉल क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्या दिवशी क्लबचा माणूस फोनवर विचारणार, किती बोनसवर सही करशील? विचार करायला वेळ मिळणार नाही. २०१९ पर्यंत निवडीच्या ४० फेऱ्या असायच्या, आता २०च. तू अडखळलास तर तो यादीतल्या पुढच्या पिचरला फोन लावेल. घरात बाबांच्या येरझाऱ्या, आजी देवापुढे. अशा वेळी तोंडातून निघणारा आकडा कुणाचा असेल, सांग बरं?

मराठी मंडळात सगळे तुला दोनच नावं ऐकवतात. आपल्या न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा माइक ट्राउट, २००९ मध्ये हायस्कूलमधून थेट व्यावसायिक बेसबॉलमध्ये गेला. आणि गेरिट कोल, २००८ मध्ये यांकीज क्लबनं पहिल्या फेरीत निवडूनही यूसीएलए विद्यापीठात शिकायला गेला, २०११ ला अख्ख्या ड्राफ्टमध्ये पहिला आला. दोन्ही खरं, पण ते लाखात एक, तुझ्या हिशेबात दोघांचाही उपयोग शून्य. रागावू नकोस.

वही घे. बोनसमधून कर आणि सल्लागाराचा वाटा वजा कर. उरलेले पैसे पाच-सहा वर्षं पुरवायचेत, कारण क्लब आणि खेळाडूंच्या २०२३ च्या करारात अगदी खालच्या पातळीच्या संघातला किमान पगार वर्षाला १९,८०० डॉलर ठरला होता. तुझ्या करारात कॉलेजच्या खर्चाचं कलम आहे का? किती सेमिस्टर, किती डॉलर? खेळ सुटल्यावर दोन वर्षांच्या आत वर्गात बसला नाहीस तर ते पैसे गेले. आता पान उलट. चार वर्षांच्या कॉलेजात गेलास की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावं लागेपर्यंत ड्राफ्ट विसरायचा. मधे कोपर गेलं तर? इथल्या दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजातून दरवर्षी ड्राफ्टमध्ये जाता येतं. त्याला बाबा नाक मुरडतात. मुरडू देत.

यातून जो आकडा निघेल तो लिहून फ्रिजवर लाव. त्याच्या एक डॉलर खाली कॉलेज. आणि "मला दोन्ही हवंय" हे परत ऐकवू नकोस, तीनदा ऐकलंय.

बाबा म्हणतील, ह्याला काय कळतं बेसबॉलमधलं? खरंय. पण १९८३ साली दादरच्या आमच्या दोन खोल्यांत एका बँकेचे साहेब आले होते. मी डावखुरा फिरकी गोलंदाज, त्यांना टाइम्स शील्डसाठी, म्हणजे ऑफिसांच्या क्रिकेट स्पर्धेसाठी हवा होतो. नोकरी कारकुनाची, दुपारनंतर मैदान. इंजिनिअरिंगचा प्रवेशही हातात होता. बशीत चहा ओतता ओतता साहेबांनी विचारलं, "काय, येणार ना?" मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "तो शिकणार आहे." साहेबांनी चहा संपवला, चप्पल घातली, गेले. विचारलं मला होतं रे!

वाईट काय झालं? काही नाही. इंजिनिअर झालो, इथं आलो, घर झालं, दोन्ही मुली शिकल्या. अण्णांचं चुकलं असं मी कधीच म्हटलं नाही. शिवाय माझा चेंडू वळायचाही बेताचाच. निदान चाळीस वर्षं मी सगळ्यांना तसंच सांगत आलोय, आणि बेसमेंटमध्ये काकू नसली की अजून भिंतीवर टाकून बघतो.

म्हणून म्हणतो, आकडा आधी. माझ्यासारखं कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, माझ्यासुद्धा.

रविवारी सकाळी ये. वही आण, काकू थालीपीठ लावणार आहे. बाबांना आत्ता आणू नकोस. आकडा लिहून झाला की मीच त्यांना फोन करीन.

तुझा,
काका