मुंबईहून नाशिकला राहायला आल्यावर हिवाळ्यात त्वचा का फुटते?

त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थराची लवचिकता त्यातील पाण्यावर अवलंबून असते. मुंबईच्या दमट हवेत हे पाणी सहसा टिकून राहते, परंतु नाशिकच्या थंड, कोरड्या हवेत ते लवकर उडून जाते आणि तो थर आक्रसून त्याला भेगा पडतात. ओठांवर तैलग्रंथी जवळजवळ नसल्याने ते आधी फुटतात. त्यातच थंडीमुळे आपण कढत पाण्याने, भरपूर साबण लावून अंघोळ करतो, आणि माझ्या मते अनेकदा हवेपेक्षा अधिक नुकसान तिथेच होते, कारण पेशींमधला स्निग्धांश धुऊन जातो. कोमट पाणी वापरावे व अंग किंचित ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. अर्थात, मुंबईची दमट हवाही निर्दोष नाही. घामोळे आणि नायटा तिथेच अधिक फोफावतात.