चालतं सामान

प्रिय भाच्यास,

अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन आला. तू उरणच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर खलाशी म्हणून लागलास, बरं झालं. अटल सेतू झाल्यापासून लाँचचे दिवस भरले असं गावात बोलतात. बोलू देत. त्या पुलावर मोटारसायकल चढू देत नाहीत, आणि मोऱ्याचा माणूस लाँचने अजूनही तासाभरात धक्क्याला लागतो.

आधी सुकाणू शिकू की इंजिन, असं विचारलंस. दोन्ही मागाहून. आधी पॅसेंजर शीक. मचव्यात सिमेंटची गोणी ठेवली तिथेच राहते. लाँचमधलं वजन स्वतःच्या पायांनी फिरतं. कुणीतरी ‘डॉल्फिन!’ म्हणून ओरडतो आणि पन्नास माणसं एका अंगाला धावतात. लाँच कलते, तळातलं पाणीही त्याच अंगाला धावतं आणि कल आणखी वाढवतं. म्हणून पंप मारून तळ कोरडा ठेवायचं काम हलकं समजू नकोस.

रामदास बोटीचं आजोबांच्या तोंडून ऐकलं असशील. 17 जुलै 1947, गटारी अमावस्या, धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. काश्याच्या खडकाजवळ मोठी लाट आली, घाबरलेली माणसं एका बाजूला सरकली आणि बोट उलटली. सहाशेवर माणसं गेली. आपल्या किनाऱ्यावर जुनी माणसं अजून गटारीला ते नाव काढतात. तेव्हा सुटताना माणसं दोन्ही अंगांना सारखी बसव, दुचाक्या मध्यावर घे, आणि टपावर कुणी चढत असेल तर तो ओळखीचा असला तरी खाली उतरव. शिव्या खाव्या लागतील. त्याचाच पगार आहे.

कंटेनरच्या जहाजाचं पाणी येताना लांबूनच दिसतं. सारंग, म्हणजे लाँच चालवणारा, वेग कमी करून नाळ, म्हणजे लाँचचं पुढचं टोक, लाटेवर घेईल. तेवढ्या वेळात उभ्या माणसांना खाली बसवणं तुझं काम. ‘बसा’ एकदाच म्हण, पण मोठ्याने. आणि तुला काही दिसलं तर सारंगाला सांगायला लाजू नकोस, त्याला मागचं दिसत नाही. मोठ्या जहाजाने आपल्याला पाहिलं असेल या भरवशावर तर कधीच राहू नकोस. त्याच्या अगदी नाळेखाली काय आहे ते वरून दिसत नाही, आणि दिसलं तरी ते जागच्या जागी थांबत नाही.

लाइफ जॅकेटचं सगळे हसण्यावारी नेतात, उकडतं म्हणतात. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या नीलकमलवर नौदलाची स्पीडबोट आदळली, 15 माणसं गेली. धडक बसल्यावर जॅकेटं वाटायला वेळ मिळत नाही. लहान मुलांची वेगळी असतात, ती कुठे ठेवलीत ते आजच बघून ठेव, आणि त्यांच्या नाड्या सुटतात का तेही.

आता धक्का. माणसं इथेच जास्त पडतात. भरतीला लाँचची कड धक्क्याच्या बरोबरीला येते, उधाणाच्या ओहोटीला तीच चार-पाच मीटर खाली जाते आणि पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत झालेल्या असतात. लाँच लागायच्या आधीच चार जण उडी मारायला कडेला उभे राहतात, त्यांना आडवा हो. दोर आधी खुंट्याला वेढा मारून धर. लाँच थांबली की मग पक्का बांध. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभा राहू नकोस आणि वेटोळ्यात पाय टाकू नकोस. लाँच आणि धक्का यांच्या मध्ये हात घालायचा नाही, वस्तू पडली तर पडली. म्हाताऱ्या बाईला हात देताना पंजा धरू नकोस, तो घामाने सुटतो. मनगट धर आणि तिलाही तुझं मनगट धरू दे. कोळणीची टोपली मात्र आधी घे, मग कोळणीला. टोपली आत गेल्याशिवाय ती पाय उचलायची नाही.

भरती-ओहोटीचं मोबाईलवर दिसतं, तरी हिशोब तोंडी ठेव. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावस्या-पुनवेला सव्वाअकराच्या पुढे, सकाळ-संध्याकाळ दोन्ही. सहा तास इकडे-तिकडे केले की ओहोटी. थोडं पुढेमागे होतं, पण कामापुरतं चालतं. यातली मेख बघ: अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, पाणी फारसं उतरत नाही. अमावस्या-पुनवेला सगळ्यात जास्त उतरतं, आणि ते नेमकं संध्याकाळी सहाच्या सुमाराला, ऑफिसची माणसं परतायच्या वेळी. मोऱ्यात गाळ एवढा साचलाय की तेव्हा लाँच आत घेता येत नाही. अशा दिवशी तिकीट खिडकीवरच पॅसेंजरला खरं सांग. ‘निघतेच आहे’ म्हणून बसवून ठेवलेला माणूस चिडून उठतो आणि मग कुणाचं ऐकत नाही.

इंजिनवाल्या ड्रायव्हरशी जमवून घे. तो खाली, घंटीच्या ठोक्यावर चालतो, त्याला बाहेरचं काही दिसत नाही. चहा आधी त्याला.

सारंगाच्या परीक्षेचं म्हणतोस तर नोकरीच्या दिवसांचा दाखला लागेल. रोजची नोंद वहीत ठेव आणि महिन्याच्या महिन्याला मालकाची सही घे, वर्षाअखेरीस मागितलीस तर टाळाटाळ होते. आणि ताईला सांग, पुनवेच्या आसपास डबा दोन वेळचा दे.

तुझा,
मामा