काटोलकडे बचत गटाचं संत्रा प्रक्रिया युनिट टाकायचं आहे. ३५ टक्के अनुदान नेमकं कसं मिळतं?

तुम्ही लिहिलंय की गटातल्या दहा जणी घरीच संत्र्याचा स्क्वॅश आणि मार्मलेड करता, आता मशिनरी घ्यायची आहे आणि एक एजंट "अनुदान काढून देतो" म्हणून पैसे मागतोय. त्याला एक रुपयाही देऊ नका. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत, म्हणजे पीएमएफएमईत, अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल करणं आणि फाइल बँकेपर्यंत नेणं यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन शासन देतं. त्यांचा नंबर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मिळेल. यंदाचं उद्दिष्ट शिल्लक आहे का, हेही तिथेच आधी विचारून घ्या.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे अनुदान हातात येतं हा. ते येत नाही. समजा मशिनरी १२ लाखांची आहे. १० टक्के म्हणजे १ लाख २० हजार तुमचे आणि १० लाख ८० हजार बँकेचं कर्ज. ३५ टक्क्यांचे ४ लाख २० हजार (एका उद्योगाला कमाल १० लाख) बँकेतल्या वेगळ्या खात्यात पडून राहतात. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षं हप्ते नीट गेले आणि युनिट चालू राहिलं, तरच ते कर्जात वळते होतात. म्हणून खरी परीक्षा कृषी खात्यात नाही, बँकेत होते. अर्जदाराचा सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारा गुणांक, आधी तपासा. कर्ज मंजूर होण्याआधी मशीन विकत घेऊ नका. बँक सहसा कोटेशनप्रमाणे थेट विक्रेत्याला पैसे देते, आधीच घेतलेलं मशीन कर्जात धरलं जात नाही आणि मग अनुदानातही येत नाही.

जमिनीची किंमत आणि खेळतं भांडवल अनुदानात धरत नाहीत. बांधकामही एकूण पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतच. खेळतं भांडवल विसरलं की घात होतो, कारण संत्रं हंगामात रोखीनेच घ्यावं लागतं. त्यासाठी कॅश क्रेडिटची, म्हणजे गरजेप्रमाणे उचलून परत भरायच्या बँक कर्जमर्यादेची, मागणी त्याच प्रकल्प अहवालात टाका.

अहवाल बहुतेक वेळा हंगामावर अडतो. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, मृग बहाराची फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. म्हणजे फळ जेमतेम सहा महिने. "वर्षाला ३०० दिवस संत्रा रस" असं लिहिलेला कागद पाहून आपल्या भागातला बँक मॅनेजर लगेच ओळखतो. उरलेल्या महिन्यांत लिंबू, आवळा, कैरी यांपैकी काय करणार, ते महिन्यानुसार आणि किलोत लिहा.

मशीन निवडताना घाई नको. नागपुरी संत्र्याचा रस काढताना बिया आणि सालीखालचा पांढरा थर चिरडला गेला की त्यातल्या लिमोनिन या कडू घटकामुळे रस नंतर कडू होतो, आणि तापवला की आणखी. ताजा रस गोड लागतो, म्हणून फसायला होतं. विक्रेत्याकडे स्वतःची फळं घेऊन जा, रस काढून पाश्चरायझेशन करा, म्हणजे टिकण्यासाठी तापवा, रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चाखा. बी फोडणारा स्क्रूचा एक्स्ट्रॅक्टर असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. रसाबद्दल शंका असेल तर अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारा, ती आपल्या नागपुरातच आहे.

आता तुमच्या गटापुरतं. मोठ्या कर्जाआधी याच योजनेतलं बीज भांडवल घ्या, असं माझं ठाम मत आहे. अन्न प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्याला ४० हजारांपर्यंत, एका गटात कमाल दहा जणी, म्हणजे ४ लाख. हे "उमेद"मार्फत, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत येतं, खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी. प्रभागसंघाला, म्हणजे बचत गटांच्या वरच्या संघाला, ते अनुदान म्हणून मिळतं, पण तुमच्या गटाला कर्ज म्हणून. परत करायचंच आहे. एका हंगामाची खरेदी-विक्री यातून करा आणि सगळी रक्कम गटाच्या खात्यातूनच फिरवा. मोठ्या कर्जाच्या वेळी बँक तेच खातं मागते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत आहे, मोबाइलवरून होते. त्यासाठीही कोणी पैसे मागितले तर देऊ नका. अन्न परवाना मात्र पहिली बाटली विकण्याआधी हवाच.