एससीपी मध्येच ‘स्टॉल्ड’ दाखवतं? आधी एमटीयू बघा

एससीपीने (दुसऱ्या मशीनवर फाईल पाठवणारी आज्ञा) सर्व्हरवर लॉगिन लगेच होतं, एखाद्या केबीची कॉन्फिग फाईल जाते, पण बॅकअपची मोठी फाईल दोनेक एमबीवर अडकते, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पासवर्ड, एसएसएच-की, पोर्ट यांच्या मागे लागू नका. छोटी पॅकेट्स पोचतायत, मोठी वाटेत गळतायत. ते ‘दोन एमबी’ही फसवे असू शकतात: एससीपीच्या जुन्या पद्धतीत हा आकडा एसएसएचच्या (खालच्या सुरक्षित कनेक्शनच्या) हवाली केलेल्या डेटाचा असतो, सर्व्हरवर पोचलेल्या नव्हे.

एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार; इथरनेटचा १५०० बाइट. पीपीपीओई (काही ब्रॉडबँडची जोडणीची पद्धत) ८ बाइट खातं, उरतात १४९२. वायरगार्ड हे व्हीपीएन सहसा १४२० वर चालतं. पॅकेट मोठं झालं की मधल्या राउटरने आयसीएमपी (नेटवर्कच्या अडचणी कळवणारा) निरोप पाठवून ‘आकार कमी कर’ असं सांगायचं असतं. पण सुरक्षेच्या नावाखाली सरसकट आयसीएमपी बंद करणारे फायरवॉल काही कमी नाहीत. निरोपच पोचत नाही, मग तुमचं मशीन तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतं.

खात्री करायला आधी सर्व्हरला साधा पिंग करा, म्हणजे चाचणीचं पॅकेट पाठवा. त्यालाच उत्तर नसेल तर ही चाचणी निरुपयोगी. उत्तर आलं तर लिनक्सवर ‘-एम डू -एस १४७२’ जोडा (‘एम’ कॅपिटल), म्हणजे पॅकेटचे तुकडे होणार नाहीत (विंडोजवर ‘-एफ -एल १४७२’). १४७२ मध्ये हेडरचे २८ बाइट मिळवले की १५००. काहीच उत्तर नाही, एररही नाही? मग १४६४, १४००, १३५० असं खाली या. जो सर्वांत मोठा आकडा चालेल त्यात २८ मिळवा, तोच वाटेचा एमटीयू.

आता रूट म्हणून ‘आयपी लिंक सेट डेव्ह’, पुढे इंटरफेसचं नाव, ‘एमटीयू’ आणि मोजून आलेला आकडा द्या, आणि कनेक्शन नव्याने जोडा. चालू कनेक्शनचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) आधीच ठरलेला असतो. रीबूटनंतर ही सेटिंग जाते, त्यामुळे कायमचा इलाज राउटरवरच: एमएसएस क्लॅम्पिंग सुरू करा, म्हणजे राउटरच ही मर्यादा खाली आणतो. घरातल्या प्रत्येक मशीनवर हात फिरवावा लागत नाही.

एससीपीच्या ‘-एल’ने वेग बांधून घ्या, हा सल्ला सगळीकडे मिळतो. ‘-एल ४०००’ म्हणजे ४००० किलोबिट, सेकंदाला जेमतेम ५०० केबी. फरक पडला तरी दोष सापडला असं समजू नका. ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’नेही (सर्व्हर जिवंत आहे का हे किती सेकंदांनी विचारायचं, ती एसएसएचची सेटिंग) अडकलेली फाईल पुढे सरकत नाही; ते १५ ठेवलं आणि ‘सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स’ (किती वेळा उत्तर न आल्यास सोडायचं) ३ असेल, तर मेलेलं कनेक्शन पाऊण मिनिटात तुटतं, एवढंच.

पिंग पूर्ण १४७२ ला व्यवस्थित चालला तर मात्र सर्व्हरकडे बघा. डिस्क भरली असेल तर बहुधा सरळ एरर येते. नुसतं थिजणं हे अडकलेल्या एनएफएस माउंटचं (नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरचं) लक्षण असू शकतं.

आणि मोठ्या फायलींना एससीपी वापरूच नका. तुटलं की पहिल्यापासून सुरुवात. आरसिंक (फाईल कॉपी करणारं दुसरं साधन) ‘--पार्शल’सह चालवा, म्हणजे अर्धवट फाईल टिकते; पुढच्या वेळी तिथूनच पुढे जायला ‘--अपेंड-व्हेरिफाय’ द्या. मात्र मूळ फाईल मधल्या काळात बदलली असेल तर हा दुसरा पर्याय टाळा.