८३ एक्स झूम की मिररलेस? आधी पक्षी किती लांब ते सांगा

वाचकांचे प्रश्न : कॅमेरा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंदापूर तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालोय. दरवर्षी थंडीत भिगवणला जातो, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघतो, पण मोबाईलवर फोटो काढला की नुसते पांढरे ठिपके येतात. आता कॅमेरा घ्यायचाय. मुलगा म्हणतो मिररलेसच घ्या (लेन्स बदलता येणारा कॅमेरा), त्याचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप, मोठा असतो, तो छोट्या सेन्सरचा कॅमेरा म्हणजे पैसे पाण्यात. दुकानदार ८३ एक्स झूमवाला निकॉन पी९५० दाखवतो आणि त्याच पैशात कॅननचा मिररलेस आर५० किट लेन्ससकट, म्हणजे सोबतच्या साध्या लेन्ससकट, मिळतो असंही सांगतो. घरी दोन वर्षांची नात आहे, तिचेही फोटो काढायचेत. काय घेऊ?

उत्तर : गुरुजी, तुमचा मुलगा सेन्सरबद्दल बोलतोय ते खरंच आहे. पण तो निम्माच हिशोब सांगतोय. उरलेला निम्मा लेन्सचा आहे, आणि तुमच्या बाबतीत तोच जास्त महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ते ८३ एक्स. याचा अर्थ ८३ पट लांबचं दिसतं असा नाही, तो फक्त भागाकार आहे. लेन्सची फोकल लेंथ एमएममध्ये मोजतात, ती जितकी जास्त तितकं लांबचं मोठं दिसतं, आणि वेगवेगळे कॅमेरे तोलायला ती फुल फ्रेम नावाच्या एका ठरलेल्या मोठ्या सेन्सरच्या हिशोबात सांगतात. पी९५० ची लेन्स या हिशोबात २४ पासून २००० एमएमपर्यंत जाते, २००० भागिले २४ म्हणजे ८३. आर५० सोबत जी १८-४५ ची किट लेन्स येते ती त्याच हिशोबात साधारण २९ ते ७२ एमएम. म्हणजे दुकानात या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या असल्या तरी एक जण दुर्बीण घेऊन उभाय आणि दुसरा नुसत्या डोळ्यांनी, अशातली ती तुलना आहे.

तुम्ही शिक्षक आहात तर आपण गणितच करू. रोहित उभा राहिला की साधारण १.३ मीटर उंच धरा, आणि तुमची नाव त्याच्यापासून १५० मीटरवर. आर५० वर किट लेन्स पूर्ण ४५ ला नेली तर त्याची सेन्सरवर पडणारी प्रतिमा जेमतेम ०.४ एमएम, म्हणजे ४००० ठिपके (पिक्सेल) उंचीच्या फोटोत पक्षी १०० ठिपक्यांचा. हेच ते तुमचे पांढरे ठिपके. वर पैसे घालून ५५-२१० ची दुसरी लेन्स घेतली तर पक्षी होतो ४९० ठिपक्यांचा. १००-४०० घेतली तर ९३० च्या आसपास. आणि पी९५० च्या पूर्ण झूमला फोटोची दोन तृतीयांश उंची तो एकटा पक्षीच व्यापतो, २३५० ठिपके.

आता मुलगा म्हणेल की ठिपके जास्त आले तरी सेन्सर एवढासा, त्यात दम नाही. एवढासा आहे हे खरं. पी९५० चा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ एमएमचा, करंगळीच्या नखापेक्षा लहान, आणि आर५० चा २२.३ बाय १४.९, क्षेत्रफळात जवळजवळ १२ पट. (त्या छोट्या सेन्सरला एक भागिले २.३ इंच म्हणतात त्यावर जाऊ नका, ते माप जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या नळ्यांवरून चालत आलंय, सेन्सर प्रत्यक्षात तेवढा नसतोच.) पण लांबच्या पक्ष्याकडून येणारा उजेड किती गोळा होतो हे सेन्सर ठरवत नाही, लेन्सचं तोंड ठरवतं. पागोळीखाली पिंप ठेवलं की बादली, याने पाणी वाढत नाही, पाणी किती येतं ते वरच्या छपरावर. लेन्सचं तोंड काढायचं म्हणजे खऱ्या फोकल लेंथला (फुल फ्रेमचा हिशोब न करता लेन्सवर लिहिलेली) लेन्सवरच्याच एफ नंबरने भागायचं. पी९५० पूर्ण झूमला ३५७ एमएम आणि एफ ६.५, म्हणजे ५५ एमएम. आर५० ची किट लेन्स ४५ ला एफ ६.३, म्हणजे ७ एमएम. ५५-२१० वाली २१० ला एफ ७.१, म्हणजे ३० एमएम. आणि कॅननची १००-४०० वाली ४०० ला एफ ८, म्हणजे ५०. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वहीत तीनदा मांडून पाहिलं होतं, कारण इतकी वर्षं मीही सगळ्यांना सेन्सर सेन्सर हेच सांगत होते.

म्हणजे १५० मीटरवरच्या त्या रोहिताकडून पी९५० जेवढा उजेड घेतो तेवढा घ्यायला मिररलेसवर १००-४०० सारखी लेन्स लावावी लागते, आणि ती लेन्स तुमच्या बजेटमध्ये नाही. अर्थात पी९५० मध्ये २३५० ठिपके आले म्हणून तेवढी बारकाई येते असं नाही हां. इतक्या लहान पिक्सेलवर एफ ६.५ ला प्रकाश पसरतो, त्यामुळे १०० टक्के मोठा करून पाहिलात तर पिसं थोडी रंगवल्यासारखी दिसतील. पण ए४ आकाराची प्रिंट काढली, भिंतीवर लावली तर छान दिसेल, माझ्या आईच्या घरी अशा कॅमेऱ्याचा एक फोटो आठ वर्षं भिंतीवर आहे.

त्रास कुठे होईल तेही सांगते म्हणजे घेतल्यावर वाईट वाटायला नको.

पहिला त्रास उडत्या पक्ष्याचा. २००० एमएमला कॅमेऱ्यातून जे दिसतं ते आडवं जेमतेम एक अंश, त्यात नाव हलतेय, पक्षी सापडेपर्यंत तो निघून जातो. या कॅमेऱ्याला बाजूला एक बटण आहे, ते दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो, पक्षी सापडला की सोडायचं, परत होता तिथे जातो. याची सवय घरच्या गच्चीवर कावळ्यांवर करा, आठ दिवस रोज, मगच भिगवणला जा. तरीही त्याचा ऑटोफोकस कॉन्ट्रास्टवर चालतो, पुढे मागे शोधत बसतो, आणि सलग फोटो सेकंदाला सात असले तरी थोडेच निघतात आणि मग थांबावं लागतं. नव्या मिररलेसमध्ये पक्ष्याचा डोळा ओळखून त्याला धरून ठेवतात, त्याची सर याला नाही. थव्याचं उड्डाण हवं असेल तर झूम ३००-४०० वर आणून सगळा थवाच घ्या, तो जास्त सुंदर दिसतो.

दुसरा त्रास सकाळचा. नाव पहाटे निघते, सूर्य वर यायच्या आधी आयएसओ (कमी उजेडातही फोटो उजळ करणारा आकडा, वाढवला की फोटो दाणेदार होतो) वाढवावा लागतो, आणि या सेन्सरवर मी स्वतः ८०० च्या पुढे जात नाही. तेवढा वेळ नुसते पक्षी बघा, ऊन आलं की काढा. पण फार उशीरही नको, दहा-अकरा वाजले की भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि मग कुठलाही कॅमेरा, कितीही लाखांचा असो, लांबचा फोटो पाण्यात पडल्यासारखाच देतो. लोकांना वाटतं कॅमेरा खराब आहे, लेन्स सर्व्हिसला देतात, अहो हवा आहे ती. शक्यतो जवळ जाणं हा एकच उपाय.

आणि इथे मनापासून एक सांगायचंय. जवळ जायचं म्हणजे नावाड्याला थव्यात नाव घालायला सांगायची नाही. भिगवणला मी पाहिलंय, उड्डाणाचा फोटो हवा म्हणून लोक मुद्दाम पक्षी उठवायला लावतात, एकदा उठले की दुसरी नाव परत उठवते, दिवसभर बिचाऱ्यांना चरू देत नाहीत. नावाडी गावातलेच मच्छीमार आहेत, त्यांना पक्षी आपल्यापेक्षा जास्त कळतात, आपण पुढे न्यायला सांगितलं नाही तर ते लांबच थांबतात. तुमच्या हातात २००० एमएम असेल तर लांब थांबायला तुम्हाला काही जड जाणार नाही, मला या कॅमेऱ्याचं सगळ्यात मोठं कौतुक याचंच वाटतं.

राहिली नात. घरात, ट्यूबलाईटच्या उजेडात पळणाऱ्या पोराचे फोटो हे पी९५० चं काम नाही. वाइडला, म्हणजे झूम न करता, त्याच्या लेन्सचं तोंड दीड एमएमचं आहे. तिचे फोटो तुमच्या मोबाईलवरच काढा, आजकालच्या चांगल्या मोबाईलचा मुख्य सेन्सर या कॅमेऱ्यापेक्षा मोठाच असतो. मुलाला फारच वाटत असेल तर त्याने स्वतःसाठी मिररलेस घ्यावा आणि त्यावर ५० एमएम एफ १.८ लावून तिचे फोटो काढावेत, फार गोड येतात.

तर तुम्ही पी९५० घ्या, गुरुजी. निकॉनच्याच पी१००० वर जाऊ नका, तो ३००० एमएमपर्यंत जातो खरा पण वजन १४०० ग्रॅमच्या वर, आणि पूर्ण झूमला एफ ८. एक मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) मात्र घ्या, पण तो नावेच्या तळावर टेकवू नका, इंजिनची थरथर थेट कॅमेऱ्यात येते.

प्रश्न : ताई, मी चिपळूणला कॉलेजला आहे. माझ्याकडे काकांचा जुना निकॉन पी९०० आहे. धनेश, स्वर्गीय नर्तक असे पक्षी काढते पण रानात सगळे फोटो दाणेदार येतात. दोन वर्षं शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत. पी९५० घेऊ का पी१०००? नवीन आहेत म्हणजे चांगले असतील ना?

उत्तर : नको गं, दोन्ही नको. वरचं उत्तर वाचलंस तर वाटेल की ताई सगळ्यांना पी९५० च सांगते, पण तुझं प्रकरण अगदी उलटं आहे.

तुझा पी९०० २०१५ चा आणि पी९५० २०२० चा असला तरी सेन्सरचा आकार तोच, झूम तोच, एफ नंबर तोच. रॉ फाईल (कॅमेऱ्याने काही न बदललेली मूळ फाईल) मिळेल, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) चांगला मिळेल, पण दाणे तेच राहणार. कारण तुझे पक्षी लांब नाहीत, अंधारात आहेत. स्वर्गीय नर्तक ओढ्याच्या कडेला आठ मीटरवर बसतो, आणि ८ मीटरवरच्या पक्ष्याला २००० एमएम वापरलंस तर तो शेपटीसकट फ्रेममध्ये मावणारच नाही, म्हणून तू झूम मागे आणत असशील, ६०० च्या आसपास. तिथे तुझ्या लेन्सचं तोंड ५५ एमएम राहत नाही, २३-२५ वर येतं. ही गोष्ट कुणी सांगत नाही. जवळचा पक्षी घेताना छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची बरीचशी काच वापरातच येत नाही.

आता कॅननचा मिररलेस आर१० आणि त्यावर १००-४०० ही जोडी घे. ती पूर्ण झूमला ६४० एमएमसारखी दिसते, म्हणजे तुझीच फ्रेम, पण तोंड पूर्ण ५० एमएम. उजेड साधारण चौपट. वर रॉ फाईल मिळते, आणि पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस टिकतो, नर्तक एका जागी दोन सेकंद बसत नाही हे तुला माहितीच आहे. वजनाची भीती वाटत असेल तर बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) ४२९ ग्रॅम आणि लेन्स ६३५, मिळून पी९५० पेक्षा फार तर साठ ग्रॅम जास्त.

लेन्सला पाणी-धूळ अडवणारं सीलिंग नाही, आणि तू कोकणातली आहेस, म्हणून हे लक्षात ठेव. पावसात रेनकव्हर पाहिजेच. घरी आलं की बॅगेत कोंबायचं नाही, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायचं, आणि जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरायचं. माझ्या एका लेन्सला जून ते सप्टेंबर एवढ्यात बुरशी धरली, आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी, साफ करायला दिली तर परत आल्यावर फोकस एका बाजूला मऊ झाला होता, तेव्हापासून डबा कधी चुकवला नाही. आणि रानात लेन्स बदलू नकोस, सेन्सरवर कण बसले की आकाशाच्या फोटोत डाग दिसतात.

पैसे दोन्हीला एकदम पुरत नसतील तर लेन्स नवीन घे आणि बॉडी वापरलेली बघ. उलटं करू नकोस. आणि पी९०० विकू नकोस, धनेश पलीकडच्या डोंगरावरच्या वडावर बसलेला असतो ना उन्हात, तेव्हा तोच काढ.

प्रश्न : पी९५० वर चंद्राचा फोटो खरंच तेवढा मोठा येतो का? जाहिरातीत दाखवतात तसा?

उत्तर : येतो. चंद्र आकाशात अर्ध्या अंशाचा, २००० एमएमला तो फोटोच्या उंचीचा पाऊण भाग व्यापतो, आणि पी१००० च्या ३००० ला तर फ्रेमच्या वर खाली कापला जातो. फक्त पौर्णिमेला काढू नका, समोरून ऊन पडल्यामुळे सगळं सपाट दिसतं. अष्टमीच्या आसपास काढा, उजेड अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. चंद्रावर भर दुपारचं ऊन असतं हे लक्षात ठेवून आयएसओ १०० आणि शटरचा वेग १/१२५ सेकंदापासून सुरुवात करा, ट्रायपॉडवर ठेवा, आणि बटण बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा.