ऐरोलीच्या ऑफिसात ब्रिटिश क्लायंट ‘लेट ऑफ स्टीम’, ‘हिट द रूफ’ असं बोलतात. रागाचे हे इंग्रजी वाक्प्रचार समजायचे कसे?

यादी पाठ करू नका, त्यामागचं चित्र पकडा: बंद भांड्यात तापत जाणारं पाणी. ‘सिमर’ म्हणजे राग आतल्या आत धुमसतोय, ‘बॉइल ओव्हर’ म्हणजे उतू गेला, ‘लेट ऑफ स्टीम’ म्हणजे वाफ सोडून मोकळं होणं, आणि ‘हिट द रूफ’ म्हणजे थेट छतापर्यंत उसळणं. जॉर्ज लॅकॉफ आणि झोल्टान कोव्हेचेश या भाषाशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ही मांडणी केली. ठाण्यात इंग्रजी शिकवताना मला तिचा फार उपयोग होतो, कारण मराठीतही रक्त उकळतं. ‘सी रेड’ मात्र यात बसत नाही. संतापाने भान सुटणं, असं वेगळं लक्षात ठेवा. आणि ‘पिस्ड ऑफ’ कानावर पडलं तर समजून घ्या, पण क्लायंटशी बोलताना वापरू नका. ते असभ्य आहे, शिवाय ब्रिटनमध्ये नुसतं ‘पिस्ड’ म्हणजे दारू प्यायलेला.