एम-२० घेतलीस, आता ऐक

बीएसए एम-२०, म्हणजे जुनी ब्रिटिश मोटरसायकल घेतलीस, छान. आधी व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) पान्यांचा सेट घे. मिलिमीटरचा पाना लावलास की नटाचे कोपरे गेलेच म्हणून समज.

थंड असताना पहिल्या किकला उठते आणि परशुराम घाटात तापली की मान टाकते? मग कार्बोरेटर उघडत बसू नकोस (सगळे तेच करतात). बहुतेक वेळा मॅग्नेटोतला (बॅटरीशिवाय स्पार्क देणारा भाग) कंडेन्सर गेलेला असतो. त्यात आपली कोकणातली दमट हवा. आर्मेचरवरचं (मॅग्नेटोतल्या तारेच्या गुंडाळीवरचं) जुनं शेलॅक (लाखेचा लेप) ओल धरतं, स्पार्क दुबळा होतो. रिवाइंडिंग (तार नव्याने गुंडाळणं) जाणत्याकडूनच करून घे, कंडेन्सरही तेव्हाच बदल.

क्रोमवर इतक्यात पैसे घालू नकोस, खाऱ्या वाऱ्यापुढे टिकत नाही. आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नकोस, आतून गंजते.